पाळणाघराचं अनुदान अन् फी: गावाकडून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कापसाची वेचणी लागली की आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ता-व्याज बाजूला राहते अन् एकच विषय निघते, लेकरू कुठं ठेवायचं. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, लेकरू कडेवर असलं की बाईनं वेचलेल्या कापसाचं वजन निम्म्यावर येते, अन् नाही नेलं तर घरी पाहणारं कोणी नाही. तुरीच्या दोन ओळींमधे लुगड्याची झोळी बांधून बाळ निजवलेलं अन् बाजूच्या वावरात फवारणी चालू, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली, ती तर मोठी माणसं होती. म्हणून पाळणाघराचा विषय मला फार जवळचा वाटतो अन् त्यातले पैशाचे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून सगळे एकाच जागी लिहून ठेवते आहे.

पाळणा योजना म्हणजे अंगणवाडीच ना? मग नवीन काय?

अंगणवाडी वेगळी. ती २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली, तिचं काम आहार, लसीकरण, वजन-उंची, गरोदर बाईची नोंद अन् तीन वर्षांवरच्या पोरांचं शिकवणं. दुपारी अंगणवाडी सुटते अन् माय वावरातून येते दिवस बुडता बुडता, मधले तास लेकरू कोणाकडं? ते मधले तास भरून काढायला पाळणाघर.

२०२२ पासून केंद्र सरकारच्या मिशन शक्तीत (बायांसाठीच्या योजना एकत्र केलेला कार्यक्रम) 'सामर्थ्य' नावाचा जो भाग आहे त्यात 'पाळणा' योजना येते. जुनी राष्ट्रीय पाळणाघर योजना त्यातच घेतली. नवी पद्धत अशी की वेगळी इमारत शोधत बसायचं नाही, चालू अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं. ६ महिने ते ६ वर्षं वयाची लेकरं, एका केंद्रात जास्तीत जास्त २५, महिन्याचे २६ दिवस अन् दिवसाला साडेसात तास. झोपायला जागा, खाणं, खेळणं, तपासणी सगळं त्यात धरलं आहे.

आमच्या गावात होणार का मग?

देशात अशी १७ हजार केंद्रं करायचं ठरलं होतं. महाराष्ट्रानं २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यात ३४५ ला मान्यता दिली. आता राज्यात जिल्हे ३६, सरासरी काढली तर एका जिल्ह्याला दहासुद्धा येत नाहीत, अन् आपल्या एकेका तालुक्यात शंभराच्या वर अंगणवाड्या. म्हणजे आपोआप येईल म्हणून वाट पाहत बसाल तर येणार नाही, मागावं लागेल.

मागायचं कसं ते सांगते. ग्रामसभेत ठराव घ्या, पण नुसता 'पाळणाघर पाहिजे' असा एका ओळीचा ठराव करू नका. सोबत यादी जोडा, ६ महिने ते ६ वर्षांची लेकरं किती, त्यातल्या किती जणांची माय मजुरीला जाते, कोणत्या महिन्यात जाते, घरी मोठं माणूस आहे का. ही यादी अंगणवाडी सेविका अन् आशाताई मिळून दोन संध्याकाळीत करू शकतात कारण त्यांना घर अन् घर माहीत असते. मग ठराव अन् यादी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडं द्या, पोच घ्या (पोच म्हणजे आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख अन् सही), अन् एक प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात. अंगणवाडीला स्वतःची पक्की खोली, पाणी अन् संडास असेल तर तेही लिहा, खोली गळत असेल तर आधी ती नीट करून घ्या, कारण जागेवरच प्रस्ताव अडकतात.

सरकार पैसे कोणाला देते? आईच्या खात्यात येतात का?

आईच्या खात्यात काही येत नाही. पैसा पाळणाघर चालवायला येतो. पाळणा योजनेत आपल्या राज्यासाठी केंद्र सरकारचे ६० टक्के अन् राज्याचे ४० टक्के. अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरात वेगळी पाळणा सेविका अन् वेगळी मदतनीस असते, सेविकेला महिन्याला ५,५०० रुपये मानधन अन् मदतनीसला ३,०००. शिवाय तिथल्याच अंगणवाडी सेविकेवर जास्तीचं काम पडते म्हणून तिला १,५०० अन् अंगणवाडी मदतनीसला ७५० रुपये भत्ता. पाळणा सेविका कमीत कमी बारावी पास अन् मदतनीस दहावी पास लागते, वय २० ते ४५.

माझं मत विचाराल तर साडेसात तास पंचवीस लेकरं सांभाळणाऱ्या बाईला साडेपाच हजार हे फार कमी आहेत. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला २१२ रुपयेसुद्धा पडत नाहीत. हंगामात वेचणीला गेलेली बाई त्याहून जास्त आणते, मग चांगली शिकलेली पोरगी इथं टिकेल काहून?

फीची मर्यादा किती आहे? आमच्याकडं एकजण ५०० म्हणते, एकजण फुकट म्हणते.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट वाचा.

अंगणवाडीत जे आधीपासून फुकट आहे, म्हणजे आहार, लस, वजन-उंची, शाळापूर्व शिक्षण, त्यासाठी एक रुपयाही कोणी मागू शकत नाही. तिथं पाळणाघर जोडलं म्हणून या गोष्टींना पैसे लागत नाहीत.

पाळणाघराच्या फीचे जे आकडे लोकांच्या तोंडी आहेत ते राष्ट्रीय पाळणाघर योजनेच्या २०१७ च्या नियमांतले. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका लेकरामागं महिन्याला २० रुपये, महिन्याचं उत्पन्न १२ हजारापर्यंत असलेल्या घराला १०० रुपये अन् त्याहून जास्त उत्पन्न असेल तर २०० रुपये. बस, एवढेच तीन दर. अनुदानावरचं पाळणाघर ५०० मागत असेल तर पहिला प्रश्न विचारायचा, ताई हा दर कोणत्या कागदात लिहिला आहे तो दाखवा. केंद्राच्या भिंतीवर दर लिहिलेला असला पाहिजे, नसेल तर प्रकल्प कार्यालयातून लेखी घ्या अन् लेखी दर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. 'डोनेशन', 'खेळण्याचे', 'गणवेशाचे', 'गॅसचे' अशी नावं देऊन पैसे मागतात, नाव काहीही द्या, पालकाच्या खिशातून गेलं की ती फीच झाली.

बारा हजार उत्पन्न कसं मोजायचं? आमची तर मजुरी, चार महिने आहे आठ महिने नाही.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला वर्षाचा असते. महिना १२ हजार म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार, तुमच्या दाखल्यावर त्यापेक्षा कमी आकडा असेल तर तुम्ही १०० च्या दरात. वेचणीच्या महिन्यात घरात पंधरा हजार आले म्हणून कोणी तुम्हाला २०० च्या रांगेत बसवू शकत नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल, पिवळं रेशन कार्ड असेल तर त्याची झेरॉक्स द्या.

पावती मागितली तर ताई रागावते.

रागावली तरी मागा, पण प्रेमानं मागा, कारण बहुतेक जागी ती बाई आपल्यासारखीच आहे अन् पावती पुस्तकच तिला कोणी दिलेलं नसते. बचत गटाकडं पावती पुस्तक असते, तसलं पन्नास-साठ रुपयांचं पुस्तक ग्रामपंचायतीनं घेऊन दिलं तरी काम होते. वीस रुपयांची का होईना पावती पाहिजे, त्यावर लेकराचं नाव, महिना, रक्कम. पुढं ऑडिटला हीच पावती त्या ताईला वाचवते, हे तिला समजावून सांगा, ती स्वतःहून फाडून देईल.

इतक्या कमी फीत पाळणाघर चालते तरी कसं?

फीवर चालतच नाही, अनुदानावर चालते. एक हिशेब करून पाहा. २५ लेकरं आहेत, त्यातली १० दारिद्र्यरेषेखालची, १२ मधल्या दराची अन् ३ वरच्या दराची. फी आली २०० अधिक १,२०० अधिक ६००, म्हणजे २,००० रुपये. आता खर्च पाहा, जुन्या योजनेतलाच धरा. एका लेकराच्या खाण्याला दिवसाचे १२ रुपये, २५ लेकरं, २६ दिवस, झाले ७,८००. सेविकेचे ३,००० अन् मदतनीसचे १,५००. एकूण १२,३००. त्यात भाडं नाही, औषध नाही, साबण नाही, चटई नाही. दोन हजारात बारा हजार तीनशेचा खर्च निघतो का? नाही निघत. म्हणजे प्रत्येक महिन्याला दहा हजाराच्या वर रक्कम बाहेरून यावीच लागते, अन् ती वेळेवर यावी लागते.

मला या सगळ्यात एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. फी कमी ठेवा म्हणणं बरोबरच आहे, मजूर बाईला वीस रुपयांच्या वर परवडत नाही. पण फीला कुलूप लावायचं अन् अनुदान सहा-सहा महिने अडकवायचं, असं झालं तर पाळणाघर बंद पडते अन् बंद पडताना कोणालाच दिसत नाही. आधी दूध कमी होते, मग अंडं जाते, मग मदतनीस वेचणीला जाते, मग ताई म्हणते उद्यापासून दुपारपर्यंतच ठेवा, अन् एक दिवस कुलूप. आमच्या भागातलं एक केंद्र मी असंच बंद होताना पाहिलं, शेवटी शेवटी ती ताई घरची ज्वारी दळून आणायची अन् किराणा दुकानात तिच्या नावावर उधारी चढलेली. तिनं फी वाढवली नाही कारण बायांची परिस्थिती तिला माहीत होती. अशा बाईला सरकारनं महिन्याच्या महिन्याला पैसे द्यायला पाहिजेत, यात दुसरं मत असूच शकत नाही.

देशाचा आकडाही तेच सांगते. जुन्या योजनेत एक काळ २३ हजाराच्या आसपास पाळणाघरं होती. २०१७ पासून पैशाची वाटणी बदलली, केंद्र सरकार ६०, राज्य ३० अन् चालवणारी संस्था १० टक्के, अन् २०२० पर्यंत पाळणाघरं साडेसहा हजाराच्या आसपास उरली. लेकरं काही कमी झाली नव्हती.

आमच्या बचत गटाला किंवा संस्थेला पाळणाघर काढून अनुदान मिळेल का?

जुन्या योजनेत संस्था चालवत होत्या अन् १० टक्के स्वतःचे घालत होत्या. आता जोर अंगणवाडीला जोडण्यावर आहे अन् नेमणूक, पैसा सगळं महिला व बालविकास विभागाकडून होते, त्यामुळं 'आधी काढू, मग अनुदान येईल' या भरवशावर कर्ज काढू नका, हे कळकळीनं सांगते. गटातल्या शिकलेल्या पोरींनी पाळणा सेविका, मदतनीस म्हणून अर्ज करावा, ते जास्त पक्कं. अन् कोणी मधला माणूस 'अनुदान मंजूर करून देतो, फाईलचे दहा हजार द्या' म्हणाला तर त्याला घरात घेऊ नका.

ग्रामपंचायतीकडून काही मिळू शकते का?

हो, अन् हे लोक विसरतातच. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून पाळणे, चटया, पाण्याचा फिल्टर, पंखा, दाराला जाळी, खेळणी घेता येतात. बऱ्याच गावांत हा पैसा वर्षाच्या शेवटी शिलाई मशीनवर नाहीतर कशावरही घाईघाईनं खर्ची टाकतात. मार्चपर्यंत थांबू नका, दिवाळीच्या आधीच मागा. मेळघाट, गडचिरोली, झरी-जामणी अशा पेसा गावांत (पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा कायदा) आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी थेट ग्रामपंचायतीला येतो, त्याचं काय करायचं ते ग्रामसभा ठरवते, तिथं तर हक्कानं बोला. तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटेपासून माय जंगलात असते, त्या महिन्यांपुरतं तरी सकाळी लवकर केंद्र उघडायचं, त्या ताईला जास्तीचे पैसे ग्रामसभेनं द्यायचे, असा ठराव करता येतो.

तालुक्याच्या जागी खासगी पाळणाघर आहे, ते दीड-दोन हजार घेते. हे चालते का?

खासगी, अनुदान न घेणाऱ्या पाळणाघराला सरकारनं फीची मर्यादा घातलेली नाही, २०-१००-२०० चे दर त्यांना लागू नाहीत. तिथं तुम्ही ठरवायचं. पण पैसे देण्याआधी वेळ, सुट्ट्या, खाणं कोणाचं, अन् मधेच काढलं तर अनामत परत मिळते का हे कागदावर घ्या.

एका बाईनं किती लेकरं पाहायची? मर्यादा आहे का?

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या १० लेकरांमागं एक अन् तीन ते सहाच्या २० लेकरांमागं एक, असं प्रमाण सांगितलं आहे. तान्ही लेकरं जास्त असतील तर हाताखाली दुसरं माणूस पाहिजेच.

जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर, रोहयोच्या कामावर जाणाऱ्या बायांचं काय?

तिथं खर्च मालकाचा किंवा कामाचाच. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय पाहिजे अन् आईला दिवसातून चार वेळा लेकराकडं जाऊ द्यायचं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० चाच आकडा आहे. पुरुष-बाई सगळे मिळून ५० धरायचे, नुसत्या बाया नाही. जिनिंगवाले म्हणतात आमच्याकडं बाया फक्त वीस, तर ते उत्तर चालत नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा जास्त लहान लेकरं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची अन् तिला त्याच दरानं मजुरी द्यायची, अशी तरतूद घातली होती. म्हातारी, जड काम न होणारी बाई असते ना गावात, तिच्यासाठी हे काम किती चांगलं.

पण खासगी वावरातल्या मजुरीला यातलं काहीच लागू होत नाही, अन् आपल्याकडं तर बहुतेक बाया तिथंच. म्हणून गावातलं पाळणाघर लागतेच.

कॅनडात म्हणे सरकारनं फी बांधून दिली, दहा डॉलर. आपल्याकडं काहून होत नाही?

तिथं २०२१ च्या बजेटमध्ये पाच वर्षांत ३० अब्ज डॉलर ठेवले अन् सरासरी फी दिवसाला १० डॉलरवर आणायचं ठरवलं. म्हणजे फी कमी केली अन् फरक सरकारनं भरायचा घेतला. तिथंही चालवणारे तक्रार करतात की येणारा पैसा खर्चाला पुरत नाही. देश कोणताही असो, बांधलेली फी अन् सरकारचा हप्ता दोन्ही सोबत चालले तरच दार उघडं राहते.

लेकराला खायला नेमकं काय मिळालं पाहिजे?

अंगणवाडीच्या २०२३ च्या आधीच्या नियमात ६ महिने ते ६ वर्षांच्या लेकराला रोज ५०० कॅलरी अन् १२ ते १५ ग्रॅम प्रोटीन, त्यासाठी दिवसाला ८ रुपये धरले होते. तीव्र कुपोषित लेकराला ८०० कॅलरी अन् १२ रुपये. आठ रुपयात आजच्या भावानं काय येते ते कोणत्याही बाईला विचारा. तरी जे ठरलं आहे ते तर मिळालंच पाहिजे, म्हणून महिन्यातून एकदा जेवणाच्या वेळेला जाऊन ताटात पाहा. वरणात डाळ आहे का पाणी, भाजीत काही दिसते का, लेकरू स्वतः खाते का कोणी भरवते. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला मोठ्यांचीच खिचडी देत असतील तर ताईला सांगा, मऊ करून, थोडं तेल घालून द्या.

घरी सासू आहे, मग पाळणाघर कशाला?

सासू पण मजुरीला जाते. अन् नसेल जात तर तिचे गुडघे दुखतात, दोन वर्षांचं पोट्टं विहिरीकडं पळालं तर ती धावू शकत नाही.

फी जास्त घेतली, अनुदान अडलं, केंद्र बंदच असते, तक्रार कुठं?

आधी पर्यवेक्षिका, मग बालविकास प्रकल्प अधिकारी, तोंडी नाही, लेखी. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार लावा, अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, अन् ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. विचारायचं काय ते साधं ठेवा: या केंद्राला या वर्षी किती पैसे आले, कोणत्या तारखेला आले, मानधन कोणत्या महिन्यापर्यंत दिलं, मंजूर फी किती. एवढ्या चार ओळींनी फाईल हलते. जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, कलेक्टरपुढं पण मांडता येते. लेकराला मारलं, उपाशी ठेवलं, कोंडून ठेवलं असं काही असेल तर अर्जबिर्ज करत बसू नका, सरळ १०९८ ला फोन करा.

तक्रार करताना एक पाहा, ती ताईच्या विरोधात आहे का पैसे अडवणाऱ्याच्या विरोधात. चार महिन्यांचं मानधन नसलेल्या बाईवर गावानं तक्रार ठोकली की ती सोडून जाते अन् केंद्रही जाते. तिला सोबत घ्या, अर्जावर तिचीही सही घ्या.

नाव टाकायला काय काय कागद लागतात?

लेकराचा जन्म दाखला किंवा अंगणवाडीतली नोंद, लसीकरणाचं कार्ड, माय-बापाचं आधार, रेशन कार्ड अन् लागला तर उत्पन्नाचा दाखला. दाखल्याला वेळ लागते म्हणून वेचणी लागायच्या महिनाभर आधीच सेतूमध्ये अर्ज टाका. सोबत एका कागदावर दोन फोन नंबर लिहून द्या, एक तुमचा, एक गावातच राहणाऱ्या कोणाचा तरी, कारण वावरात रेंज नसते. लेकराला घ्यायला कोण येणार त्याचं नाव पण त्याच कागदावर लिहा, अन् त्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती लेकरू द्यायचं नाही, हे ताईला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.